हवी ती ओळ क्षणात

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो फायली असतात. त्यांतील एखादी ओळ फोल्डर उघडत शोधू लागल्यास प्रोग्रॅमरचा निम्मा दिवस त्यातच जातो. हे कष्ट वाचविण्याचे प्रयत्न जुने आहेत. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास युनिक्ससाठी तयार केलेली ‘ग्रेप’ ही शोध-आज्ञा आजही वापरात आहे.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेल्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ या एडिटरमध्ये अशा अनेक सोयी आहेत. विंडोज संगणकावर ‘कंट्रोल’ व ‘पी’ ही बटणे एकत्र दाबून नावातील काही अक्षरे टाइप केली, की फाइल समोर येते. नावापुढे कोलन व क्रमांक दिल्यास थेट त्या ओळीवर जाता येते. ‘एफ १२’ दाबल्यास कर्सरखालच्या फंक्शनची मूळ व्याख्या उघडते; सोबत ‘शिफ्ट’ दाबल्यास ते कुठे कुठे वापरले आहे, हे कळते. ‘अल्ट’ व डावा बाण पूर्वीच्या जागी परत नेतात.

मात्र, दोन बाबतींत सावध राहावे. फंक्शनचे नाव सरसकट ‘शोधा व बदला’ने बदलल्यास तीच अक्षरे असलेली इतर नावेही बदलू शकतात. त्यासाठी ‘एफ २’ अधिक सुरक्षित. ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘एफ’ने होणारा प्रकल्पभरचा शोध, सेटिंग बदलले नसल्यास, ‘गिट’च्या वगळण्याच्या यादीतील फायली पाहत नाही. त्यामुळे ‘काही सापडले नाही’ एवढ्या उत्तरावर विसंबून जुने फंक्शन काढून टाकू नये.