ई-रीडर सांभाळायचा कसा? लोकलमध्ये, पावसात आणि सुट्टीवर

फोन घेतला की आपण आधी टेम्पर्ड ग्लास लावतो. रोज रात्री चार्जिंगला लावतो, उन्हात गेलं की सावली शोधतो. ई-रीडर हातात आल्यावर याच सवयी त्याच्यावरही चालवल्या जातात, आणि त्यातल्या निम्म्या तिथे बिनकामाच्या ठरतात. किंडल असो की कोबो, या उपकरणाची दुखणी वेगळी आहेत. त्याला ओरखड्यापेक्षा दाबाची भीती जास्त, आणि पाण्यापेक्षा वाळूची. म्हणून आधी स्क्रीन समजून घेऊ, बाकीचं मग आपोआप कळतं.

स्क्रीन आतून कशी असते

ई-इंक स्क्रीनमध्ये अतिशय बारीक कॅप्सूल असतात. त्यांच्यातल्या द्रवात विद्युतभार असलेले काळे आणि पांढरे कण तरंगत असतात. खालून व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. एकदा कण जागेवर बसले की त्यांना तिथे ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना, आणि अर्थात फ्रंट लाइट, वाय-फायसाठी. बॅटरी पूर्ण संपल्यावरही स्क्रीनवर चित्र तसंच दिसतं, ते याच कारणामुळे. बरेच जण अशा वेळी ‘हँग झाला’ म्हणून दुकान गाठतात. आधी तासभर चार्जिंगला लावा. तरी हलला नाही तर किंडलचं पॉवर बटण ४० सेकंद दाबून धरा, तो रीस्टार्ट होतो.

आता महत्त्वाचा भाग. हा कणांचा थर बहुतेक मॉडेलमध्ये एका पातळ काचेवर बसवलेला असतो आणि ती काच आत, खाली असते. फोनची वरची काच तडकली तरी खालचा डिस्प्ले बऱ्याचदा चालू राहतो. इथे उलटं होतं: वरून बोट फिरवलं तर एकही तडा लागत नाही, पण आतली काच गेलेली असते. लक्षण ओळखीचं आहे. पानाचा एक कोपरा जुन्याच चित्रावर अडकलेला, किंवा स्क्रीनभर रेघा. टच चालतो, लाइट लागतो, पण वाचता काहीच येत नाही. स्क्रीन बदलायचा खर्च ऐकला की बहुतेक लोक नवीनच घेतात.

आमच्या ऑफिसमधल्या एका मित्राचा ई-रीडर असाच गेला. पडला नाही, आपटला नाही. सॅकमध्ये स्टीलच्या डब्याला लागून होता आणि सकाळची लोकल नेहमीसारखी भरलेली होती.

म्हणून स्क्रीन गार्डवर पैसे घालवू नका. त्याने मॅट स्क्रीनवर चकाकी येते आणि दाब काही अडत नाही. पुढची बाजू कडक असलेलं फ्लिप कव्हर घ्या. कापडी पाऊच ओरखडे थांबवतो, डब्याचा कोपरा थांबवत नाही. सॅकमध्ये ठेवताना स्क्रीनची बाजू लॅपटॉप किंवा जाड वहीसारख्या सपाट वस्तूला टेकवा. डबा, बाटली, किल्ल्या आणि चार्जरचा ठोकळा दुसऱ्या कप्प्यात. गर्दीत सॅक पुढे घेणारे तुम्ही असाल तर सर्वात बाहेरचा कप्पा टाळा, कारण दाब तिथेच येतो. आणि झोपताना उशीशेजारी ठेवायची सवय मोडा.

पुसायला चष्म्याचं मऊ कापड पुरतं. डाग असेल तर ते किंचित ओलं करा. काचा पुसायचा स्प्रे किंवा सॅनिटायझर नको.

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे नेमकं किती?

आधी मॉडेल तपासा. साध्या, सर्वात स्वस्त किंडलला पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंगच नाही. २०१८ पासूनच्या पेपरव्हाइटला आणि कोबोच्या क्लारा २ई, लिब्रा २ सारख्या मॉडेलना आयपीएक्स८ रेटिंग आहे. म्हणजे २ मीटर खोल गोड्या पाण्यात ६० मिनिटं. पेपरव्हाइटसाठी कंपनीने समुद्राच्या पाण्याचाही आकडा दिलाय आणि तो वाचण्यासारखा आहे: पाव मीटर खोलीत फक्त ३ मिनिटं. गोव्याला किंवा तारकर्लीला जाताना हाच आकडा कामाचा.

दुसरी गोष्ट, आयपीएक्स८ मधल्या ‘एक्स’कडे कोणी बघत नाही. त्या जागी धुळीपासूनच्या संरक्षणाचा आकडा असतो. एक्स म्हणजे धुळीचं रेटिंग दिलेलंच नाही. त्यामुळे पाण्याला न घाबरणारा ई-रीडर वाळूत बिनधास्त ठेवता येतो असं नाही. वाळूचे कण चार्जिंग पोर्टमध्ये, बटणाच्या फटीत आणि कव्हर व स्क्रीनच्या मध्ये जाऊन बसतात. कव्हर मिटून बॅग दाबली की तोच कण स्क्रीनवर घासतो.

यावर झिप-लॉकची पिशवी हा दहा रुपयांचा आणि माझ्या मते सर्वात चांगला उपाय आहे. आत ई-रीडर ठेवून हवा काढून टाका. पातळ प्लास्टिकमधून टच चालतो, पानं उलटता येतात. फक्त पिशवीसकट कडक उन्हात सोडून पोहायला जाऊ नका.

खारं पाणी, स्विमिंग पूलचं पाणी किंवा चहा सांडलाच आणि मॉडेलला रेटिंग असेल, तर आधी साध्या नळाच्या पाण्याने हलकेच धुवा. चुकीचं वाटतं, पण मीठ आणि क्लोरीन आत सुकू देण्यापेक्षा हे बरं. मग कव्हर काढून पोर्ट खाली येईल असा उभा करून वाळवा. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबा नको. पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंग तर नकोच, कारण ओल्या पोर्टमध्ये वीज आली की पिना गंजतात. रेटिंग नसेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नका. बंद करा, पुसा, दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवा.

कोकणातल्या पावसाळ्यात न भिजताही पोर्टमध्ये दमटपणा येतो. बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी कव्हरच्या पाऊचमध्ये टाकून ठेवा.

ऊन आणि थंडी

उन्हात वाचता येणं हीच तर ई-इंकची खासियत, त्यामुळे उजेडाला घाबरायचं कारण नाही. प्रश्न तापमानाचा आहे. किंडल वापरण्यासाठी कंपनीने दिलेली मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात नागपूरला हे ऐकून लोक हसतील. कूलर लावलेल्या खोलीत वाचल्याने काही बिघडत नाही. टाळायच्या दोन गोष्टी: भर दुपारी तापलेल्या खोलीत चार्जिंग, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं. उष्णतेने लिथियम बॅटरीचं आयुष्य कायमचं कमी होतं.

लडाख-स्पितीत उलटी गंमत. थंडीत कॅप्सूलमधला द्रव घट्ट होतो, कण हळू सरकतात. पान उलटायला वेळ लागतो, आधीच्या पानाची सावली मागे राहते. हा बिघाड नाही. जॅकेटच्या आतल्या खिशात थोडा वेळ ठेवा, पूर्ववत होतो. पण त्याच खिशात ठेवून गाडीत दाटीवाटीने बसू नका, वर सांगितलेली काच आठवा.

बॅटरी: आठवड्यांचा हिशोब

जाहिरातीतले ‘१० आठवडे’ (२०२१ चा पेपरव्हाइट) हे रोज अर्धा तास वाचन आणि वायरलेस बंद, असं धरून आहेत. गुणाकार केला तर होतात ३५ तास. सुट्टीत दिवसाला पाच-सहा तास वाचणाऱ्याला आठवडाभर पुरेल, त्याहून जास्त नाही. वाय-फाय चालू राहिलं तर त्याहून कमी. वाचताना विमान मोड चालू ठेवा.

एकदम पन्नास पुस्तकं टाकली की पहिले एक-दोन दिवस बॅटरी झपाट्याने उतरते. शोधाच्या सोयीसाठी ई-रीडर प्रत्येक पुस्तकाची सूची बनवत असतो, म्हणून. ही भर प्रवासाच्या आदल्या रात्री न करता चार दिवस आधी करा. महिनाभर वापरणार नसाल तर साधारण अर्धा चार्ज ठेवून बंद करा. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी कधी कधी उठत नाही.

निघायच्या आधी

होम स्क्रीनवर कव्हर दिसतं म्हणजे पुस्तक आत आहे असं नाही. लायब्ररीत ‘डाउनलोडेड’ फिल्टर लावून बघा. कोकण रेल्वेच्या बोगद्यांमध्ये ढगातलं पुस्तक उतरत नाही. हॉटेलच्या वाय-फायला लॉगिनचं पान असेल तर ई-रीडर बऱ्याचदा तिथेच अडतो. फोनचा हॉटस्पॉट सोपा. हॉटस्पॉट दिसतच नसेल तर फोनमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ करा, कारण बऱ्याच जुन्या ई-रीडरना ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही.

मराठी पुस्तकांसाठी एक सूचना. स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंचांवर वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. ईपब मिळत असेल तर तेच घ्या; २०२२ पासून सेंड टू किंडल ते स्वीकारतं. अक्षर आवडलं नाही तर मुक्तासारखा मोफत देवनागरी फॉन्ट यूएसबीने किंडलच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये टाकता येतो. आणि स्वतःच्या ईपब फाइल्सची एक प्रत लॅपटॉपवर ठेवा. विकत घेतलेली किंडल पुस्तकं संकेतस्थळावरून कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे.

विमानात ई-रीडर केबिन बॅगेत घ्या, पॉवर बँक तर तिथेच न्यावी लागते. चेक-इन बॅगेत ठेवायची वेळ आलीच तर पूर्ण बंद करा. कव्हर मिटल्याने तो फक्त झोपतो, बंद होत नाही.

हरवला तर

किंडल तुमच्या ॲमेझॉन खात्याला जोडलेला असतो. पासकोड नसेल तर ज्याला सापडेल तो तुमच्या पैशांनी पुस्तकं घेऊ शकतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ऑप्शन्स’ खाली पासकोड लावा. तो विसरलात तर रीसेट करावा लागतो, पण खरेदी केलेली पुस्तकं खात्यात राहतात. फोनसारखं नकाशावर शोधायची सोय नाही. म्हणून हरवल्याचं कळताच फोनच्या ब्राउझरमधून ॲमेझॉनच्या ‘मॅनेज युवर कंटेंट अँड डिव्हाइसेस’ पानावर जा आणि ते उपकरण डीरजिस्टर करा. स्टेशनवर किंवा बसमध्ये राहिला असेल तर परत मिळायची शक्यता वाढवायला कव्हरच्या आतल्या बाजूला घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर चिकटवून ठेवा. तुमचा फोनही त्याच बॅगेत असू शकतो.