चराई शुल्क ते प्रवेश शुल्क : शेवगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव हा अवर्षणप्रवण तालुका. तथापि त्याची काही गावे नाथसागर जलाशयाच्या काठी वसलेली असून या जलाशयावर जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. वनप्रवेशासाठी शुल्क घेण्याची प्रथा कशी रूढ झाली व त्या उत्पन्नावर हक्क कोणाचा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :
१८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी वनांवर सरकारी नियंत्रण प्रस्थापित केले. राखीव वनात विनापरवाना शिरणे व गुरे चारणे हे गुन्हे ठरले. चराईसाठी शुल्क द्यावे लागू लागले. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात वनखात्याच्या या धोरणावर कठोर टीका केली. तात्पर्य, वनाच्या वाटेवरील आरंभीचे शुल्क गरजेवर होते, विहारावर नव्हे.

स्वातंत्र्योत्तर परिवर्तन :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शुल्काचा रोख बदलला. कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेश मर्यादित झाला. मात्र तेथील अधिकृत रहिवासी व स्थावर मालमत्तेवर हक्क असणारे यांना परवान्यातून वगळण्यात आले. कलम २८ ने अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादींसाठी विहित शुल्क घेऊन परवाना देण्याची तरतूद केली. जिल्ह्यात १९८० मध्ये रेहेकुरी काळवीट अभयारण्य घोषित झाले. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये, तर उद्घाटन १९७६ मध्ये झाले. जलाशयासाठी शेवगाव, नेवासा, पैठण इत्यादी तालुक्यांतील जमिनी बुडाल्या. पुढे १९८६ मध्ये त्याच जलाशयाला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

शुल्काचा विनियोग :
अमेरिकेने २००४ च्या कायद्यान्वये संघीय भूमीवरील विहारशुल्काचा सर्वसाधारणपणे किमान ८० टक्के भाग जमा झालेल्या ठिकाणीच खर्च करण्याचे ठरविले. भारतात २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र संरक्षण प्रतिष्ठानांची तरतूद होऊन प्रवेश शुल्क त्याच परिसराच्या विकासाकडे वळविण्याचा मार्ग खुला झाला. परंतु ही तरतूद व्याघ्र प्रकल्पांपुरतीच आहे. पक्षी अभयारण्यांना ती लागू नाही. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर मात्र स्थानिक गावांचा सहभाग असलेली संयुक्त वन व्यवस्थापन समिती पर्यटकांकडून शुल्क घेते. हा मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरही शक्य आहे, हे त्यावरून दिसते.

निष्कर्ष :
एकोणिसाव्या शतकात शुल्क गावकऱ्याकडून घेतले गेले. आज ते पाहुण्याकडून घेतले जाते. हे परिवर्तन न्याय्य असले तरी अपूर्ण आहे. ज्यांच्या जमिनीवर पाणी आले व पाण्यावर पक्षी आले, त्या काठावरील गावांना प्रवेश शुल्कात निश्चित वाटा मिळाल्याशिवाय संरक्षणाला लोकांचे बळ लाभणार नाही.