मातीच्या भांड्यांची भाजणी, झिलई आणि नक्षी

आखाजीला आपल्या घरी घागर भरतात. ती घागर कोरी लागते आणि बिनझिलईची असते. तिच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार राहतं. लोणच्याची बरणी बरोबर उलटी. तिच्यातून तेलाचा थेंबही बाहेर येता कामा नये. दोन्ही वस्तू मातीच्याच. फरक पडतो तो मातीची जात, भाजणी आणि झिलई या तीन गोष्टींनी. घरी किंवा शिबिरात मातीकाम शिकणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

आधी आपल्या नदीबद्दल. बमरोलीपासून थोड्याच अंतरावर वाहणारी तापी खानदेशातून येते. याच तापीच्या काठच्या सावळदा गावावरून पुरातत्त्वशास्त्रात एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'सावळदा संस्कृती' हे नाव मिळालं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या भांड्यांवर बाणांची टोकं, मासे मारायचे भाले अशी हत्यारांची चित्रं काळ्या रंगात काढलेली आहेत. त्यानंतरची जोर्वे संस्कृती नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावच्या नावाने ओळखली जाते. तिथलं उत्खनन डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केलं. जोर्वेची भांडी पातळ, तांबूस, वर काळी रेघाटी. टिचकी मारली तर खणखणीत वाजावीत इतकी पक्की भाजलेली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तर त्या काळातली कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली. या भांड्यांना झिलई मात्र नव्हती. जी काही करामत होती ती मातीत, रंगात आणि आगीत.

भाजणी

वाळलेलं कच्चं भांडं पाण्यात टाकलं तर विरघळून पुन्हा चिखल होतं. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. त्याच टप्प्यात ५७३ अंशांना मातीतल्या गारेचे स्फटिक एकदम फुगतात, आणि थंड होताना तिथेच आकसतात. भांडी तडकतात ती बहुतेक याच ठिकाणी, किंवा अगदी सुरुवातीला आत ओल राहिल्यामुळे. म्हणून सुरुवातीचे तास आग मंद ठेवायची आणि निवताना भट्टी उघडायची घाई करायची नाही.

गवऱ्या, पेंढा आणि लाकूड रचून लावलेला आपल्या कुंभारांचा आवा साधारण ७०० ते ८५० अंशांपर्यंत जातो. माठाला तेवढंच हवं. जास्त भाजला तर छिद्रं मिटतात आणि पाणी गार होत नाही. चिनी मातीच्या बरण्यांना, म्हणजे स्टोनवेअरला, १२०० ते १३०० अंश लागतात. त्या उष्णतेला माती स्वतःच काचेसारखी घट्ट होते.

आपल्याकडच्या काळ्या मातीबद्दल नेहमी विचारलं जातं. कापसाची ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना फार आकसते, त्यामुळे एकटी वापरली तर भांड्याला भेगा पडतात. कुंभार तिच्यात वाळू, राख, लीद मिसळतात ते यासाठीच. शिवाय तिच्यात लोखंड आणि चुना भरपूर असल्याने स्टोनवेअरच्या उष्णतेला ती तग धरत नाही, बसते. पण जी गोष्ट भांड्यासाठी दोष तीच झिलईसाठी गुण. अशी माती पातळ कालवून दुसऱ्या, पक्क्या मातीच्या भांड्यावर लावली तर वितळून तपकिरी-काळी झिलई होऊ शकते. आपल्या शेतातली मूठभर माती आणून एका तुकड्यावर हा प्रयोग जरूर करावा. खर्च शून्य.

भट्टीत हवा किती सोडली यावर रंग ठरतो. हवा मोकळी असेल तर मातीतलं लोखंड लाल होतं. भट्टीचं तोंड बंद करून धूर कोंडला तर आग हवेतला प्राणवायू संपवून मातीतल्या ऑक्साइडमधला ओढून घेते, लोखंडाचा रंग काळसर होतो आणि धुराचा कार्बनही छिद्रांत बसतो. तीच माती, तोच कुंभार, पण एका आव्यातून लाल मडकं निघतं आणि दुसऱ्यातून काळं.

उष्णता मोजायला कुंभार डोळ्याने आगीचा रंग पाहतात. भट्टीवाले कोन वापरतात. ठरावीक उष्णतेला वाकणारे हे छोटे शंकू जर्मनीच्या हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये तयार केले. नुसत्या मीटरवर विसंबू नये, कारण मीटर त्या क्षणाचं तापमान सांगतो, तर कोन किती वेळ किती उष्णता लागली याचा हिशेब देतो. मीटर म्हणजे आजची शिल्लक, कोन म्हणजे पूर्ण खातेउतारा!

झिलई

झिलई म्हणजे भांड्यावर चढवलेली काच. तिच्यात तीन कामं करणारे घटक लागतात. काच बनवणारी गार (सिलिका), ती लवकर वितळावी म्हणून घातलेलं द्रावक, आणि वितळलेली काच ओघळू नये म्हणून अॅल्युमिना, जो मातीतून मिळतो. नुसती गार वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून द्रावकाशिवाय गत्यंतर नाही.

नवशिक्यासाठी सगळ्यात सोपं सूत्र इंग्लंडचे कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावाने प्रसिद्ध आहे: फेल्सपार ४०, गार ३०, व्हायटिंग म्हणजे चुनखडीची पूड २० आणि चायना क्ले १० भाग. ४-३-२-१, पाठ करायलाही सोपं. १२६० अंशांच्या आसपास याची स्वच्छ, पारदर्शक झिलई होते. त्यात धूर कोंडलेल्या भट्टीत १ ते २ टक्के आयर्न ऑक्साइड घातलं तर हलका हिरवट-निळसर रंग येतो, ८ ते १० टक्के घातलं तर गडद तपकिरी-काळा. कोबाल्ट अर्धा टक्काही पुरतो, त्याहून जास्त घातलं की शाई सांडल्यासारखं दिसतं. तांबं मोकळ्या हवेत हिरवं आणि कोंडलेल्या धुरात लाल होतं, पण हा लाल रंग भल्याभल्यांना दगा देतो.

राखेचे प्रयोग स्वस्त आणि मजेचे. लाकडाच्या राखेत चुना जास्त, म्हणून ती द्रावकाचं काम करते. भाताच्या तुसाच्या राखेत जवळजवळ सगळी सिलिकाच असते, तिने दुधट पांढरी झिलई मिळते. बारडोलीकडे उसाच्या चिपाडांची राख मिळते, तिच्यातही सिलिका बरीच. राख चाळावी, पाण्यात कालवून वरचं पाणी ओतून टाकावं. ते पाणी हाताला झोंबतं, हातमोजे घालावेत.

आपल्याकडे असे प्रयोग पद्धतशीरपणे झाले ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाचा विभाग उभा केला. सिंधमधल्या झिलईदार भांड्यांची परंपरा त्यांनी पायाला घेतली. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. ती अजिंठ्याची माणसं आणि वेलबुट्ट्या या भांड्यांवर उतरल्या. भाऊ दाजी लाड संग्रहालयात यातली काही भांडी आजही पाहता येतात. मुंबईला गेलात तर राणीच्या बागेशेजारीच आहे, अर्धा दिवस काढावा.

निर्मला पटवर्धन यांचं नाव तर प्रत्येक मराठी मातीकाम करणाऱ्याला माहीत असावं. परदेशी पुस्तकांतली सूत्रं परदेशी खनिजांवर बेतलेली असतात, इथे तोलून घातली तर भलतंच काही निघतं. त्यांनी भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालावर वर्षानुवर्षं झिलईचं संशोधन केलं आणि कुंभारांसाठी इंग्रजीत हँडबुक लिहिलं. आपल्या जवळच्या बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांनी अनेक वर्षं सिरॅमिक्स शिकवलं. त्यांची मांजरं आणि घुबडं प्रसिद्ध आहेत. कारखानदारीत परशुराम गणपुले या मराठी माणसाची परशुराम पॉटरी सौराष्ट्रात उभी राहिली, आणि सौराष्ट्रातले कुंभार मुंबईला धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन वसले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली.

नक्षी

नक्षीची वेळ चुकली की काम बिघडतं. भांडं चामड्यासारखं घट्ट, पण अजून ओलसर असताना खोदकाम आणि छिद्रं करावीत. नवरात्रातला गुजराती गरबा, म्हणजे भोकांचा घट, याच वेळी कोरतात. दुसऱ्या रंगाच्या पातळ मातीचा थर देऊन तो टोकदार काडीने खरवडला की खालची माती दिसते आणि रेघ उठते. गुळगुळीत दगडाने किंवा चमच्याच्या पाठीने घासलं तर झिलईशिवायही चमक येते, मात्र ती चमक जास्त भाजणीत उडून जाते. लग्नातल्या ऐरणीच्या मडक्यांवर गेरू आणि चुन्याचे रंग भाजल्यानंतर लावतात. ते धुण्यासाठी नसतात.

खाण्याच्या भांड्यांबाबत सावधगिरी

कमी उष्णतेला झिलई वितळावी म्हणून पूर्वी सर्रास शिसं, म्हणजे मुरदाडशिंग, वापरत. अशा भांड्यात लोणचं, चिंच, ताक ठेवलं तर आंबटपणाने शिसं अन्नात उतरतं आणि लहान मुलांना ते सर्वात घातक. शिसं असलेली झिलई घरी वापरूच नये. आपल्या झिलईवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहावी. सकाळी चमक किंवा रंग उतरलेला दिसला तर ते भांडं शोभेला ठेवावं. काही फरक दिसला नाही म्हणजे ते निर्धोक ठरलं असं नाही, खात्री प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच होते. बारीक भेगा पडलेली झिलई आणि राकू पद्धतीची भांडीही जेवणात नकोत. झिलईची कोरडी पूड नाकात जाऊ देऊ नये. गारेची धूळ फुफ्फुसात बसते आणि निघत नाही. पाण्यात कालवूनच काम करावं, फरशी ओल्या फडक्याने पुसावी, झाडू मारू नये.

नोंदवही

माझ्या पहिल्या खेपेला मी १८ चाचणी-पट्ट्या दुसऱ्याच्या भट्टीत दिल्या. नंबर टाकले होते, पण साध्या पेन्सिलीने, आणि भट्टीत ते सगळे जळून गेले. पाच पट्ट्यांची झिलई ओघळून शेल्फला चिकटली, त्याचे पैसे भरावे लागले. जन्मभर व्हाउचर नंबर तपासण्यात गेलेल्या माणसाने हे करावं, यावर घरात बरंच हसणं झालं.

तेव्हापासून नंबर आयर्न ऑक्साइडने लिहितो किंवा ओल्या मातीतच कोरतो. पट्टी उभी ठेवतो, म्हणजे झिलई किती वाहते ते कळतं, आणि खाली मातीची वाटी ठेवतो. एका वेळी एकच घटक बदलतो: आयर्न १, २, ४, ६, ८ टक्के, बाकी सगळं तेच. वहीत तारीख, वजन ग्रॅममध्ये, किती वेळा बुडवलं, भट्टीत कुठल्या शेल्फवर ठेवलं आणि कोन किती वाकला एवढं लिहितो. झिलई गोळा होऊन माती उघडी पडली तर भांड्यावर धूळ किंवा तेलकट हात लागला होता, किंवा थर जाड झाला होता. जाळीसारख्या भेगा पडल्या तर झिलई भांड्यापेक्षा जास्त आकसते आहे, अशा वेळी गारेचं प्रमाण थोडं वाढवून पुढची पट्टी करावी. सध्या तुसाच्या राखेची मालिका चालू आहे, पट्टी क्रमांक ४३ वर दुधी रंग बरा आला आहे.