पाहणी: कागदावरची आणि मोबाईलमधली

आज एकच शब्द घेऊ या, ‘पाहणी’.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपली आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्या संस्थानातला हा शब्द तेलंगणात ‘पहाणी’ म्हणून आजही चालतो. जमिनीच्या वादात 1954-55 ची खासरा पाहणी अजूनही पुढे येते. सत्तर वर्षांपूर्वीचा कागद का उपयोगी पडतो? कारण तेव्हा काय दिसलं, ते तेव्हाच लिहिलं गेलं.

कागदावर चूक दुरुस्त करण्याचीही एक रीत होती. सातबाऱ्यावर खातेदार बदलला की जुनं नाव कंसात जायचं आणि नवं नाव फेरफार क्रमांकासह यायचं. जुनं रद्द व्हायचं, पण वाचता यायचं. माझ्या दृष्टीने हा मोठा विचार आहे: बदल झाला, हेसुद्धा एक सत्यच आहे.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारासाठी आधी तलाठी पाहायचा, आता शेतकरी स्वतः बांधावरून फोटो काढतो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात. 2022 मध्ये एक सोय आली: केलेली नोंद 48 तासांच्या आत एकदा दुरुस्त करता येते.

आता फोटोचं काय होतं ते पाहू. साधारणपणे ॲप फोटो स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता लिहितं. रेंज आली की तो पुढे पाठवतं. अपलोडच्या आधीच ॲप काढून टाकलं, तर त्या फोल्डरबरोबर फोटोही जातो. कपाशीऐवजी चुकून तूर नोंदवली आणि नवा फोटो काढला, तर ॲप बनवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. जुन्याच नावावर नवा फोटो लिहायचा. यात जागा वाचते, पण आधीचा पुसला जातो. किंवा नव्या नावाने, वेळेसह ठेवायचा आणि जुना ‘रद्द’ म्हणून जपायचा. ही दुसरी वाट म्हणजे आपला जुना कंसच की!

अतिवृष्टी झाली, पीक वाहून गेलं, तर शेतात दाखवायला काही उरत नाही. उरते ती नोंद. तिच्यावर भरपाई अडते. कुणी विचारलं, ‘हा फोटो नंतर बदललाय का?’, तर शेतकऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे. पहिला फोटो पुसला गेला असेल, तर खरं बोलणाऱ्याकडेही पुरावा राहत नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. अपलोड झालं याची खात्री होईपर्यंत ॲप काढू नका. आणि जे तरुण असं ॲप बनवतात, त्यांनी एकदा जुना सातबारा हातात घेऊन तो कंस बघावा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.