मैफलीची खबर

माझ्या घरातल्या माळ्यावर चार खोकी आहेत. त्यांत नाटकांची हस्तपत्रके, गाण्यांच्या निमंत्रणपत्रिका, मुशायऱ्यांची भित्तिपत्रके, जयंतीच्या गायनपार्ट्यांचे कागद, फाडलेली तिकिटे असे सगळे भरले आहे. एका सरकारी कचेरीत कारकुनी करता करता हा नाद लागला. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते रद्दीवाल्यांच्या दुकानांत बसून आणि ग्रंथालयांतल्या जुन्या अंकांची पाने उलटून. आज आपल्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या लेखात जुन्या काळाविषयी बोलताना त्या काळच्या कागदांवरचेच ‘औरंगाबाद’ हे नाव ठेवले आहे.

प्रश्न साधा आहे. या शहरातल्या माणसाला आज संध्याकाळी कुठे काय आहे हे कळत कसे होते? गाणे कोणी गायले, नाटक कोणी केले याचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. त्याची खबर कोणाला लागली आणि कोणाला लागलीच नाही, याचा कोणी विचार केलेला दिसत नाही. मला तो विचार करावा लागला तो कागदांची तारीख लावताना.

आपल्याकडची हस्तपत्रके वर्ष छापत नाहीत. ‘शनिवार, दि. १४ रोजी रात्रौ ९॥ वाजता’ एवढेच असते. छापणाऱ्याला पुढच्या शनिवारची काळजी, पुढच्या पिढीची कशाला असेल? मग वर्ष शोधायचे तर तारीख आणि वार जुळवायचे. तीच तारीख त्याच वारी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी येते. त्यातून एक निवडायला तिकिटाचा दर बघायचा, दूरध्वनीचे आकडे पाच की सहा की सात ते मोजायचे, छापखान्याचा खिळा ओळखायचा. असे करता करता कागदांचे आपोआप चार ढीग पडले: मराठी नाटक, शास्त्रीय संगीत, आंबेडकरी जलसा आणि गायन, आणि उर्दू मुशायरे व कव्वाली. चौथ्या ढिगातले एक अक्षरही मला वाचता येत नव्हते.

एका ढिगातला कागद दुसऱ्या ढिगाच्या वस्तीत सापडल्याचे मला आठवत नाही. नाटकाची पत्रके गुलमंडी-औरंगपुऱ्यात मिळाली, मुशायऱ्यांची शहागंजाकडे, गायनाची नागसेनवनाच्या परिसरात. शहर एकच, संध्याकाळही एकच, पण खबर चार वाटांनी जात होती.

हे नेहमीच असे होते काय? मागे जाऊन पाहू.

शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर देवगिरी. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्या सेवेत. शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. या गृहस्थाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे त्याचे क्रम. कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याला या हिशेबनिसाविषयी जवळीक वाटली तर वाचकांनी हसू नये. त्याने जुन्या शास्त्रातील ‘मार्ग’ संगीत सांगितलेच, पण लोकांत चालणारे ‘देशी’ संगीतही तितक्याच आस्थेने नोंदवले. पुढे पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने या ग्रंथावर टीका लिहिली. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही संगीतपरंपरा या ग्रंथाला मानतात. ग्रंथ देशभर गेला. आम्हा औरंगाबादकरांना मात्र दौलताबादचा किल्ला, तिथली तोफ आणि अंधारी वाट ठाऊक, शार्ङ्गदेव नाही. मला स्वतःला हे नाव कळले ते महागामी गुरुकुलाच्या शारंगदेव समारोहाच्या एका भित्तिपत्रकावरून. तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती.

दुसरा टप्पा पैठणचा. एकनाथांच्या (१५३३-१५९९) भारुडांना आपण आज भक्तिवाङ्मय म्हणून कपाटात ठेवतो. पण भारुड ही करमणूकही होती, आणि तिच्यात विनोद होता. वाघ्या, गोंधळी, जोशी, फकीर, महार अशी गावगाड्यातली माणसे त्यात आपापल्या बोलीत येतात. ‘हिंदू-तुर्क संवाद’ तर उघड उघड भांडण आहे. दोघे आपापल्या भाषेत एकमेकांच्या धर्मातली विसंगती काढतात, आणि शेवटी सलोखा होतो. हा संवाद रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही भाषा कळणारा श्रोता होता, एवढे अनुमान मी करतो. दोन्ही भाषा कळल्याशिवाय त्यातला विनोद कळत नाही.

खुलदाबादच्या सूफी परंपरेत समा, म्हणजे भक्तिगायन ऐकण्याची प्रथा चौदाव्या शतकापासून. बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांची समाविषयीची ओढ प्रसिद्धच आहे. तिथला उरूस आणि पैठणची नाथषष्ठी यांना पत्रिका लागत नाही. तिथी ठरलेली, माणसे येणारच. जत्रेची खबर पंचांगात असते आणि ती सर्वांना सारखी मिळते. मला वाटते, चार वाटांच्या आधीची एक वाट ही होती.

याच मातीत दखनी कविता वाढली. वली १७०० मध्ये दिल्लीला गेला आणि पुढे त्याच्या दीवानाने दिल्लीच्या फारसीत लिहिणाऱ्या कवींना आपल्या बोलीत गझल लिहिण्याचे धाडस दिले. त्याच्यानंतरचा सिराज औरंगाबादी अठराव्या शतकातला. त्याची एक गझल आबिदा परवीन यांच्या आवाजात आज जगभर ऐकली जाते. तिची सुरुवातच ‘खबर’ या शब्दाने होते, हा योगायोग. मी ती एका चहाच्या हॉटेलात ऐकली. गझल आपल्या गावच्या माणसाची आहे हे मला ठाऊक नव्हते.

वाटा वेगळ्या झाल्या त्या निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात, असे माझ्या कागदांवरून आणि वाचनावरून मला वाटते. मौलवी अब्दुल हक १९१२ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि संस्थेचे कार्यालय औरंगाबादेत आले. ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथून १९२१ मध्ये सुरू झाले. अखिल भारतीय महत्त्वाची ही संस्था जवळजवळ पंचवीस वर्षे आपल्या शहरात होती. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, सरस्वती भुवन ही शाळा सुरू झाली आणि मराठी शिक्षणाचे केंद्र बनली. तीन वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या घटना एकाच गावात घडल्या, पण एकीचा इतिहास उर्दूत लिहिला गेला आणि दुसरीचा मराठीत. दोन्ही एकत्र मांडलेले पान माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्यात परवानगीचा जाच आला. १९२९ ची ‘गश्ती निशाण ५३’ जुन्या मराठवाडेकरांच्या आठवणीत पक्की आहे. जाहीर सभेला सरकारी परवानगी लागू लागली. तेव्हा मराठी माणसे कीर्तन, गणेशोत्सवातले मेळे, वाचनालयांचे समारंभ यांच्या आडोशाने जमत. जाहीर बोलावणे अवघड झाले की बोलावणे ओळखीतून जाते, आणि ओळखीतून गेलेले बोलावणे आपल्याच माणसांपर्यंत पोचते. परकेपणाने कोणाला वगळले असे नव्हे. बोलावण्याची पद्धतच तशी पडली. १९४८ मध्ये कारण संपले, पद्धत राहिली.

नभोवाणीने ती मोडायला हवी होती. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांकडे पाच नभोवाणी केंद्रे होती: म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. एवढ्याशा गावात नभोवाणी केंद्र होते हे आज सांगितले तर तरुण विश्वास ठेवत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर तिसरी वाट ठळक झाली. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक तिथलेच. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना त्याचे नाव आधी येते. वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. जयंतीच्या रात्री पहाटेपर्यंत चालणाऱ्या गायनाला हजारो श्रोते असत, पण शहराच्या ‘सांस्कृतिक’ म्हणवणाऱ्या भागात त्याची चर्चा क्वचितच होई. माझ्या तिसऱ्या ढिगातले कागद सर्वांत पातळ आणि स्वस्त छपाईचे आहेत. टिकतील तेही तेच सर्वांत कमी.

आणि मग वऱ्हाड निघाले. विद्यापीठात कमलाकर सोनटक्के यांनी नाट्यशास्त्र विभाग उभा केला होता. त्याच विभागात शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणले. एकटा नट, खांद्यावर उपरणे, बावन्न पात्रे आणि मराठवाड्याची बोली. खेड्यातली माणसे लग्नासाठी विमानाने लंडनला निघतात एवढेच कथानक. मी शाळकरी वयात ते पाहिले तेव्हा प्रेक्षागृहात माझ्या मागे बसलेले आजोबा हसता हसता रडत होते. आपण घरात बोलतो ते रंगमंचावर बोलता येते, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकले असावे. या प्रयोगाला जाहिरातीची गरज उरली नाही. खबर तोंडातोंडी गेली, ध्वनिफितींवरून गेली, पुढे गिनेस बुकापर्यंत पोचली. एकनाथांच्या भारुडानंतर इतकी पात्रे एका मुखातून बोलण्याची ही आपल्याकडची मोठी घटना, असे मी मानतो. देशपांडे २००९ मध्ये गेले.

त्याच शहरात चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि मित्रांनी ‘जिगीषा’ सुरू केली. ती मंडळी मुंबईला गेली आणि १९९१ च्या ‘चारचौघी’ने नाव केले. पं. नाथराव नेरळकरांनी इथेच राहून शिष्य घडवले. बशर नवाज यांनी ‘बाजार’ (१९८२) चित्रपटासाठी लिहिलेली गझल देशाने गुणगुणली. ते इथेच राहत होते. गुणी माणसे शहराला कधीच कमी पडली नाहीत.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागते. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही त्यांना भाईजान म्हणत असू, ते मला भाऊ म्हणत. अकरा वर्षे आम्ही एका डब्यातले जेवलो. त्यांच्या निरोपसमारंभात कोणीतरी सांगितले की भाईजान तरुणपणापासून शहरातला एकही मुशायरा चुकवत नाहीत, आणि ऐकलेल्या शेरांच्या वह्या त्यांच्याकडे आहेत. मी चकित होऊन विचारले, “कधी बोलला नाहीत?” ते हसून म्हणाले, “भाऊ, तुमने कभी पूछाच नहीं.”

त्यांचे बरोबर होते. मी दर आठवड्याला त्यांच्यासमोर नाटकाची पत्रके चाळत असे, आणि तेही ‘काय आहे?’ म्हणून कधी विचारत नसत. त्यांच्या वाक्यातला ‘च’ मात्र पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यात राहिला. तो ‘च’ मराठीचा. दखनीने तो आपल्याकडून घेतला आणि शेकडो वर्षे वापरला. बाजारात, अंगणात, कचेरीत आमच्या भाषा एकमेकींत मिसळल्या होत्या. फक्त संध्याकाळी सातनंतर आम्ही वेगळ्या रस्त्यांनी जात होतो.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी उर्दू अक्षरे गिरवायला घेतली. चौथ्या ढिगातले पहिले पत्रक वाचता आले तेव्हा भाईजानना दाखवावे म्हणून त्यांच्या घरी गेलो. ते चार महिन्यांपूर्वी गेले होते. ती खबरही मला लागली नव्हती. मुलाने चहा दिला. वह्यांविषयी विचारले तर म्हणाला, “चाचा, घर बदलताना रद्दीत गेल्या.” मी आयुष्यभर रद्दीवाल्यांकडे बसलेला माणूस, त्या वह्या माझ्यासमोरून कधी गेल्या का, ते सांगता येत नाही. गेल्या असत्या तरी मी ओळखल्या नसत्या.

आता पत्रके छापणे कमी झाले. खबर हातातल्या फोनवर येते. कॅफेंमध्ये पोरे स्टँडअप करतात. मराठी, हिंदी आणि दखनी एका वाक्यात आणून शहरातल्या रिक्षांवर आणि पाण्याच्या टँकरवर विनोद करतात. एका पोराचा कार्यक्रम पाहताना मला एकनाथांचे भारुड आठवले, कारण त्यालाही दोन्ही भाषा कळणारा श्रोता लागत होता आणि तो समोर बसलेला होता. वेरूळ-अजिंठा महोत्सव सात वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये सोनेरी महालाच्या आवारात पुन्हा झाला. चित्रपट महोत्सवालाही तरुणांची गर्दी असते. तरीही फोन आपल्याला आपण काल पाहिले त्यासारखेच आज दाखवतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट आपल्याच ओळखीचा असतो. जुनी पद्धत नव्या यंत्रात तशीच उतरली आहे. शिवाय या खबरेचा कागदही उरत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी चारही खोकी रिकामी केली आणि सगळे कागद प्रकाराऐवजी तारखेप्रमाणे लावायला घेतले. काम अर्धेही झालेले नाही. पण एकाच रात्रीचे नाटकाचे तिकीट आणि मुशायऱ्याचे पत्रक आता शेजारी शेजारी ठेवता येतात. असा एक शनिवार सापडला आहे. त्या रात्री मी नाटकाला होतो, तिकीट माझेच आहे. त्याच रात्री शहरात मुशायरा होता. भाईजान एकही मुशायरा चुकवत नसत, म्हणजे ते तिथे असणार. सोमवारी सकाळी आम्ही दोघे नेहमीप्रमाणे शेजारी बसलो असू आणि पगारपत्रकाविषयी बोललो असू.

वाचकांपैकी कोणाकडे असे कागद असतील तर ते टाकू नयेत. आणि त्यांच्या मागे पेन्सिलीने वर्ष लिहून ठेवावे.