सिअगुतणिका : मावळातील एका कुणबिणीचे नाव

मुळशी तालुक्यातील जुन्या पिढीच्या स्त्रियांची नावे आठवावीत : धोंडाबाई, चिंधाबाई, दगडाबाई. नाव ओबडधोबड ठेवले की मूल दृष्टीतून वाचते, जगते, अशी श्रद्धा अशा नावांमागे असे. नाव म्हणजे केवळ हाक नव्हे, ते लेकराभोवती घातलेले कुंपण होय. हाच विचार याच मुलखातल्या, आज कोणाच्याही ओठी नसलेल्या एका प्राचीन नावात आम्हांस दिसतो.

मुळशी हा ऐतिहासिक मावळाचाच भाग. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात येणारे ‘मामालाहार’ म्हणजेच मावळ, असे अभ्यासक मानतात. मुळशी तालुक्याच्या उत्तरेस, तळेगाव दाभाड्याजवळ शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. तेथील एका प्राकृत लेखाचा आशय असा : धेनुकाकट येथे राहणारा नांगरधारी कुडुबिक उसभणक, त्याची कुडुबिणी सिअगुतणिका, तिने पुत्र नंद गृहपती याच्यासह हे लेणे दान दिले.

या नावाची फोड करू. ‘गुत’ म्हणजे संस्कृत ‘गुप्त’, राखलेले. ‘सिअ’ हे ‘शिव’ शब्दाचे रूप धरले, तर शिवाने राखलेली, असा अर्थ होतो. धोंडाबाईच्या आईची भीती आणि सिअगुतणिकेच्या आईची भीती एकच. उपाय तेवढे निराळे. शिवाच्या नावाची स्त्री बौद्ध भिक्षूंना लेणे देते, यातही विरोध मानण्याचे कारण नाही. नाव जन्मघराचे असते, दानाची श्रद्धा स्वतःची असू शकते. आज मुलींना हौसेने ठेवतात ते ‘सिया’ मात्र सीतेवरून आले आहे. दोहोंची गल्लत करू नये.

‘णिका’ हा शेवट त्या काळच्या नावांत पुन्हा पुन्हा भेटतो. नाणेघाटाची नागनिका सर्वांस ठाऊक आहे. बेडसे येथील पाण्याच्या टाक्यावर महाभोजाची कन्या, आपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिचे नाव आहे. त्यातला ‘दिन’ हा ‘दिन्न’, म्हणजे दिलेला. जुन्या मराठीतला ‘दिन्हला’ त्याच कुळातला. उसभणक आणि सिअगुतणिका, आपदेवणक आणि सामडिनिका, अशी जोडपी पाहून पत्नीचे नाव पतीच्या नावावरून बेतले असेल, अशी शंका येते. परंतु बेडशाचाच दाता, नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा, पुसणक हाही ‘णक’कारान्तच आहे. तेव्हा ही त्या काळाची रीत म्हणावी. आमच्याकडे लग्नात तांदळांत नवे नाव रेखून जुने पुसण्याची जी चाल पडली, तिचा माग या लेखात लागत नाही.

पतीचे नावही अर्थपूर्ण आहे. ‘उसभ’ म्हणजे ऋषभ, बैल. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या नावातही तोच ऋषभ आहे. जावयाचे आणि नांगऱ्याचे नाव एकाच शब्दातून घडावे, हे त्या काळच्या नामकरणाचे वैशिष्ट्य.

आणि ‘कुडुबिणी’? संस्कृत कुटुंबिनी, प्राकृत कुडुंबिणी, आणि त्यापुढे आपली कुणबीण. सामडिनिका राजकुळाशी नाते सांगते. सिअगुतणिकेपाशी सांगण्यासारखे बिरुद हे एवढेच. तरीही दान तिचे आहे. पती आणि पुत्र लेखात आहेत, पण दात्री ती आहे. जिच्या हाती काही नाही तिला देताही येत नाही. म्हणजे तिच्या हाती काही तरी होते.

हा मुद्दा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. त्यात स्त्रियाही उतरल्या. लढ्याला सेनापती बापटांचे नाव लागले, ते योग्यच; परंतु त्या मावळणींपैकी किती जणींची नावे आज आपल्याला सांगता येतात? जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर, म्हणून बुडाली तीही कागदोपत्री त्याचीच. शेतकऱ्याने पत्नीच्या नावे जमीन करावी, यासाठी शेतकरी संघटनेला विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढावी लागली.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या एका कुणबिणीला आपले नाव खडकात कोरून घेता आले. ते नाव पुन्हा कोणी ठेवावे, असा आमचा आग्रह नाही. त्याचा उच्चारही आज जड जाईल. मात्र नाव कोरण्याइतका तिचा जो हक्क होता, तो तिच्या लेकीबाळींकडून केव्हा आणि कसा गेला, हा प्रश्न इतिहासाला विचारलाच पाहिजे.