चांदी गेली, जहाज राहिलं: हेस्टिंग्जच्या वाळूतलं ‘ॲमस्टरडॅम’

आज आपण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हेस्टिंग्जला जायचं आहे. हे नाव म्हटलं की आपल्याला 1066 सालची लढाई आठवते. आज मात्र हे समुद्रस्नानाला, हवा खायला जायचं गाव आहे. गावाच्या जुन्या भागात, रॉक-अ-नोर नावाच्या रस्त्यावर, मासेमारांच्या जाळी ठेवायच्या उंच काळ्या लाकडी खोपट्यांची रांग आहे. इथे मच्छीमारांना बंदर नाही. आपल्या कोकणातल्यासारख्या होड्या थेट किनाऱ्यावर ओढून घेतात. त्याच रस्त्यावर बुडालेल्या जहाजांचं एक छोटं संग्रहालय आहे. त्यातल्या एकाच जहाजाबद्दल आज बोलू.

जहाजाचं नाव ‘ॲमस्टरडॅम’. मालक डच ईस्ट इंडिया कंपनी. नवं कोरं जहाज, पहिलाच प्रवास, जायचं होतं बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला. जहाजावर तीनशेहून जास्त माणसं होती आणि चांदीच्या नाण्यांनी भरलेल्या पेट्या होत्या. आता चांदी कशाला? तर युरोपच्या मालाला आशियात फारसं गिऱ्हाईक नव्हतं. मसाले आणि सुती कापड घ्यायचं तर रोख चांदी मोजावी लागे.

जानेवारी 1749. इंग्लिश खाडीत वादळ सुरू झालं. तळ समुद्राच्या जमिनीवर आपटून सुकाणू तुटलं. त्यात जहाजावर साथ पसरलेली. किनारा गाठण्याआधीच सुमारे पन्नास माणसं दगावली होती. उरलेल्यांनी कप्तानाविरुद्ध बंड केलं, दारूचा साठा फोडला. अखेर 26 जानेवारीला जहाज हेस्टिंग्जच्या पश्चिमेला बुलव्हरहाइथच्या किनाऱ्यावर चढलं. जगलेली माणसं उतरली. चांदी सरकारी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली, थोडीफार लोकांनी पळवली. जहाज वाळूत रुतत गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊया. ज्या चांदीसाठी एवढा खटाटोप झाला, ती लगेच काढली गेली. इतिहासासाठी मागे उरलं ते कुणाला नको असलेलं: लाकूड, बाटल्या, भांडीकुंडी. ते टिकलं वाळूमुळे. ओल्या वाळूखाली हवा पोहोचत नाही, आणि लाकूड पोखरणारे समुद्री किडे तिथे जगत नाहीत. म्हणून दोन शतकांनंतरही जहाजाचा मोठा भाग शाबूत राहिला. आजही उधाणाच्या मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या वाळूतून वर दिसतात.

पण जे वाळूनं राखलं, ते माणसांनी जवळजवळ घालवलं होतं. 1969 साली किनाऱ्यावर सांडपाण्याच्या नळाचं काम चालू होतं. तिथल्या कामगारांनी खोदायचं यंत्र थेट जहाजात घातलं. कांस्याच्या तोफा, दारूच्या बाटल्या वर आल्या. जहाजात कुठली वस्तू कुठे होती, कोणाशेजारी होती, हे मात्र त्या खोदकामात पुसलं गेलं. आणि वस्तूपेक्षा हीच माहिती जास्त मोलाची असते! बाटली कप्तानाच्या खोलीत सापडली की खलाश्यांच्या झोपायच्या जागेत, यावर तिचा अर्थ ठरतो. पीटर मार्सडेन या पुरातत्त्वज्ञांनी हे काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून धडपड केली. त्या वेळी ब्रिटनमध्ये अशा जहाजांसाठी कायदाच नव्हता. तो 1973 साली झाला आणि पुढच्याच वर्षी ‘ॲमस्टरडॅम’ला संरक्षण मिळालं. हे संग्रहालयही मार्सडेन यांच्याच पुढाकारानं 1986 साली उभं राहिलं.

आता कोणी म्हणेल, एका बुडालेल्या जहाजाचं एवढं काय? 1602 ते 1799 या काळात कंपनीच्या जहाजांतून जवळपास दहा लाख माणसं युरोपातून आशियाकडे निघाली. त्यांतली फक्त एक तृतीयांशाच्या आसपास परत आली. कंपनी माणसाचं नाव, गाव, पगार, कर्ज, सगळं वहीत मांडत असे. पण तो काय खात होता, कशातून पीत होता, किती जागेत झोपत होता, हे कुठल्याच वहीत नीट सापडत नाही. ते अशा जहाजाच्या पोटात सापडतं.

ही कंपनी आपल्याला परकी नाही. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला तिची वखार होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. आपण त्या गावी जातो ते किनारा पाहायला, मासे खायला. वखारीपाशी कितीजण थांबतो? हेस्टिंग्जला सुदैवानं वाळू होती, वेळेवर हटून बसलेला एक माणूस होता आणि उशिरा का होईना, कायदा आला. भिंतींना वाळूचं पांघरूण नसतं. त्यांचं राखण आपल्यालाच करावं लागतं.